पेंटरची फौज अखंड देण्याबद्दल

चिमे, हा कागद तुला फार पूर्वीच लिहायला हवा होता. उशीर झाला, रागावू नकोस. वकील म्हणाला होता, मृत्युपत्र शांत डोक्याने लिहावं. मी डोकं शांत व्हायची वाट बघत बसलो आणि ते काही होईना. आता पुढच्या सोमवारी छाती उघडणार आहेत, म्हणजे आणखी वाट बघण्यात अर्थ नाही. मृत्युपत्र आणि पत्र एकाच कागदावर नसावं असंही वकील म्हणाला. पण दोन पाकिटं केली तर एक वाटेत कुणीतरी उघडणार, म्हणून एकच केलं. वरचं तुझ्यासाठी, खालचं कायद्यासाठी. मधे काही सांडलं तर समजून घे.

मी, शेवटी सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, पूर्वीचा धंदा दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवणे, हल्लीचा धंदा टेबलावरच्या युद्धाच्या खेळासाठी बोटाएवढी माणसं रंगवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, शुद्धीत आणि दार आतून लावून लिहीत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न झाला, पण तो मी ओळखला. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत आहे. त्याने विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" मी म्हटलं, "का, तुम्हाला माहीत नाही?" यावर तो हसला आणि त्याने दाखला दिला. त्याने वार खरंच विसरून विचारला होता की काय, ही शंका मला अजून आहे.

याआधी लिहिलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. मागचं कपड्यांच्या खाली ठेवलं होतं. त्याची घडी मी उभी घातली होती, नंतर ती आडवी निघाली. कुणी वाचलं ते मी विचारलं नाही. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो, त्यातलं आता काहीही खरं नाही.

हे सगळं अमलात आणण्याचं काम मी माझ्या धाकट्या बहिणीवर, म्हणजे चिमीवर, सोपवतो. ती दुसऱ्या गावी राहते, तिला माझं काही मिळायचं नाही आणि ती मला तोंडावर बोलते. या तीन कारणांमुळे माझा तिच्यावर सगळ्यात कमी संशय आहे.

कलम पहिलं. राहती जागा, म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या मुलाला. ती त्यालाच मिळणार होती. तरी त्याने गेल्या महिन्यात टेप घेऊन भिंती मोजल्या. मी विचारलं, तर म्हणाला, "बाबा, कपाट बसतंय का बघत होतो." कपाट अजून आलेलं नाही.

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते औषधपाणी भागवून मुलगा आणि सून यांनी निम्मं निम्मं घ्यावं. यावर अधिक लिहीत नाही, कारण यावर भांडण होण्याइतकं ते नाही.

कलम तिसरं. भिंगाचा दिवा आणि फिरती खुर्ची सुनेला. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, तिला बारीक कामाची किंमत कळते. माझे ब्रश मात्र तिला देऊ नयेत. सगळ्यात बारीक ब्रश, ज्याने मी डोळ्यांतलं बुबुळ रंगवतो, त्याच्या टोकाला मला एकदा निळं सापडलं. माझ्या फौजेत तसं निळं कुणी घालत नाही. मी तिला विचारलं, "हा पापण्यांना लावायला घेतला होतास का?"

"बाबा, माझ्या डोळ्यांना कधी निळं बघितलंत का?"

"पुसलं असशील."

"मग रोज सकाळी दारात उभी राहते, तपासून सोडत जा."

ती हसत बोलली. पण ती अडचणीत आली तरी हसतेच, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. दिवा तिला द्यावा.

कलम चौथं. ब्रश सगळे जाळावेत. नको, जाळू नयेत. याबद्दल सातव्या कलमात सांगतो.

कलम पाचवं. खेळांच्या दुकानाच्या मालकाला, रंगाच्या ज्या बाटल्यांची झाकणं आता उघडत नाहीत त्या सगळ्या द्याव्यात. पाट्यांचा धंदा बुडाला, सगळ्यांनी छापील कापड लावायला सुरुवात केली, तेव्हा याच माणसाने मला पहिल्यांदा ही बारकी माणसं रंगवायला दिली, हे मी विसरलेलो नाही. पण माझं काम काचेत मांडून त्याने खाली चिठ्ठी लावली, 'बाहेरून मागवलेलं काम'. मी त्याच्यासमोरच ती वाचली. तो म्हणाला, "पेंटर, असं लिहिलं की गिऱ्हाईक नीट बघतं." म्हणजे माझं आहे म्हटल्यावर नीट बघत नाही. बाटल्या त्याने स्वतः उघडाव्यात.

कलम सहावं. आता फौजेबद्दल. हे कलम लांब आहे, चिमे, चष्मा लाव.

दुकानाची कामं मी गिऱ्हाइकाच्या पसंतीने केली. पण एक फौज मी माझ्यासाठी रंगवली. तिला सगळे पेंटरची फौज म्हणतात. भालेवाले, तोफवाले, निशाणवाला, ढोलवाला, पाणी वाहणारी एक म्हातारी आणि एक जखमी, ज्याला दोघांनी धरलंय. माणूस रंगवणं हे अर्धंच काम. तो ज्यावर उभा असतो ती गोल बैठक हे उरलेलं अर्धं. बुचाचा पातळ तुकडा, त्यावर गोंद, त्यावर चाळलेली वाळू, वाळवलेली चहाची पावडर चिखलासाठी, जुन्या टूथब्रशचे केस गवतासाठी. मग काळं अस्तर, वर पातळ तपकिरी, आणि शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवला की प्रत्येक खडा उठून दिसतो. लोक म्हणतात, पायाखालची जमीन कोण बघतंय? मी म्हणतो, जमीन नीट नसेल तर माणूस उभा वाटत नाही, ठेवलेला वाटतो.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी उचललं असतं.

ही फौज नदीला पाठ करून उभी आहे. प्रत्येक बैठकीच्या मागच्या कडेला, टाचांच्या मागे, मी पाण्याची एक पट्टी रंगवली आहे. एकेकटी बघितली तर वाटतं, कडेला राखाडी रंग लागलाय. पण सगळी माणसं त्यांच्या क्रमाने ओळीत उभी केली आणि मागून बघितलं, तर पट्टीला पट्टी लागते आणि सबंध नदी वाहते. कुठे खडक, कुठे भोवरा, म्हातारीच्या मागे उथळ, तोफेच्या मागे खोल. समोरून यातलं काहीच दिसत नाही. ती नदी मी माझ्यासाठी केली. खेळताना मी फौजेच्या मागे बसतो, म्हणून ती मलाच दिसते. त्यांना मागे हटायला जागा नाही, हे मलाच माहीत असावं असं मला वाटायचं.

माझ्या मुलाला हे माहीत नाही. मी त्याला फौजेतल्या एकेका माणसाचा फोनवर फोटो काढताना पकडलं. मागे पांढरा कागद लावला होता.

"हे काय चाललंय?"

"नोंद करून ठेवतोय बाबा. असू द्यावी."

"नोंदीला पांढरा कागद कशाला?"

तेव्हा कुठे बोलला, "अख्खी फौज घेणारा कुणी भेटत नाही हो. एकेक मात्र हातोहात जाईल. आणि कपाटात पडून तरी काय होणार आहे त्यांचं?"

तेव्हा बोललो असतो तर नदीचं सांगावं लागलं असतं, आणि नदीचं कळलं असतं तर त्याने ते फोटोखाली लिहिलं असतं. म्हणून कायद्याच्या भाषेत सांगतो: ही फौज तोडून विकण्यास, वाटण्यास, भेट देण्यास अथवा कुणाच्या शोकेसमध्ये दोन-दोन करून मांडण्यास माझी सक्त मनाई आहे. ती जाईल तर सबंध एका माणसाकडे जाईल. तो माणूस कोण, यावर माझी कित्येक दिवस झोप उडाली होती.

कलम सातवं. कंपाउंडर.

चिमे, तू त्याला ओळखतेस. दवाखाना बंद झाल्यावर तो आपल्या मुलीकडे राहायला आला, तुझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्याआधी कितीतरी वर्षं दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत तो माझ्या समोर बसायचा. त्याचं घोडदळ, माझं पायदळ. तो फासे फेकण्याआधी मुठीत फुंकायचा, मी त्यालाही हरकत घ्यायचो. तो म्हणायचा, "पेंटर, माझ्या श्वासावर पण तुझा पहारा." घोडदळ त्याने स्वतःच रंगवलं होतं, आणि खोटं कशाला लिहू, बरं रंगवलं होतं. औषधाची पुडी बांधणारा हात होता, थरथरत नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा फौज घरात ठेवायला माझं मन होईना. मी डबा कंपाउंडरकडे दिला. मुलापेक्षा शत्रू बरा, असा हिशेब केला. परत घेतला तेव्हा झाकण काढल्याबरोबर गोंदाचा वास आला.

दुकानात, सगळ्यांसमोर, मी विचारलं, "डबा उघडलास?"

"उघडला. तुझी माणसं बघितली. बघायची नाहीत?"

"गोंदाचा वास येतोय."

"तुझ्या नाकालाच गोंद लागलाय, पेंटर. कुठेही गेलास तरी येणार."

"खिसे दाखव."

दुकानदार दारात येऊन उभा राहिला, त्याला असल्या गोष्टी चुकवायला आवडत नाहीत. कंपाउंडरने दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल निघाला, पेपरमिंटची गोळी निघाली. त्याने गोळी तोंडात टाकली, आपले फासे गोळा केले आणि म्हणाला, "माणसं मोजून घे. पुरी भरली तर मला बोलावू नकोस."

मी मोजली. पुरी भरली. म्हणून बोलावलं नाही.

त्यानंतर महिनाभरात तो मुलीकडे निघून गेला. जाताना भेटला नाही. मीही गॅलरीतच उभा होतो, खाली उतरलो नाही.

हे मृत्युपत्र लिहायला घेतलं तेव्हा फौजेचा क्रम नीट उतरवून ठेवावा म्हणून मी सगळी माणसं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. दिवा लावला आणि माझ्या बाजूने, मागून, नदी बघत गेलो. ढोलवाल्यापाशी नदी तुटली. त्याच्या डाव्या बाजूला पाणी, उजव्या बाजूला पाणी, आणि त्याच्या टाचांमागे नुसता चिखल.

ढोलवाला उचलून भिंगाखाली धरला. माणूस माझाच, गालावरचा डाग मीच दिलेला. पण बैठक माझी नाही. कुणीतरी त्याचे पाय उचकटून त्याला दुसऱ्या जमिनीवर उभा केला होता.

मी मुलाला हाक मारली. तो म्हणाला, "रंग उडाला असेल बाबा." रंग उडाला तर खाली अस्तर दिसतं, चिखल उगवत नाही. सून पाण्याचा ग्लास घेऊन आली ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. तिथेच थांबली आणि म्हणाली, "कुठे काय बिघडलंय? इथून तर सगळे सारखेच दिसतात."

हिला एवढं ठामपणे कसं सांगता येतं, हा पहिला विचार माझ्या मनात आला. पण उठलो आणि टेबलाला वळसा घालून तिच्या जागी जाऊन बसलो.

चिमे, इतक्या वर्षांत मी त्या बाजूला एकदाही बसलो नव्हतो. रंगवताना एकेकाचं तोंड हातात धरून बघितलं होतं, पण सबंध फौज चालून येताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. म्हातारी माझ्याकडे बघत होती. जखमी माझ्याकडे बघत होता. ढोलवाल्याने तोंड उघडलं होतं, ते मीच रंगवलं होतं, पण तो कुणाला ओरडतोय ते मला तिथे बसल्यावर कळलं. आणि त्याच्या पुढची जमीन अगदी बरोबर होती. गवताचे तीन झुपके जिथे हवेत तिथे, फुटका दगड जिथे हवा तिथे, चाकाचा ओरखडा शेजारच्या बैठकीतून येऊन पुढच्या बैठकीत जाणारा. समोरची बाजू इतकी बरोबर की मलाही न बघता करता आली नसती. आणि मागे काहीच नाही.

ज्याने केलं त्याला समोरचं गवत न् गवत पाठ होतं, आणि मागे नदी आहे याचा पत्ता नव्हता. असा जगात एकच माणूस आहे. डब्यातून काढून त्याने ती सगळी स्वतःकडे तोंड करून मांडली असणार आणि त्यांच्याकडे बघत बघत नवी जमीन केली असणार. त्यांना पाठीकडून बघावं हे त्याला सुचलंच नसणार, कारण त्याने ती कधी पाठीकडून बघितलीच नाहीत. ढोलवाला त्याच्या हातून पडला असेल, बुचाच्या बैठकीचा पायाखाली चुरा झाला असेल. नाहीतर मूळ बैठक त्याने ठेवून घेतली असेल. हेही असू शकतं, मी ते नाकारत नाही.

त्याने सांगायला हवं होतं. मी ऐकून घेतलं असतं की नाही हा प्रश्न वेगळा. मी त्याची माफी मागत नाही, त्यानेही मागू नये. पण मी त्या खुर्चीवर सून पाणी संपवा म्हणेपर्यंत बसून होतो आणि मला एक गोष्ट पटली: मी त्यांच्या पाठी बघितल्या, तोंडं त्यानेच बघितली. माझ्यानंतर या फौजेला ओळखणारा दुसरा कुणी नाही.

म्हणून, पूर्ण विचारांती, सदर फौज, तिचा डबा, क्रमाचा कागद, सगळे ब्रश आणि चाळलेल्या वाळूची बरणी मी कंपाउंडरला सबंध देत आहे. यावर माझ्या मुलाने हरकत घेऊ नये. त्याने घेतलेले फोटो त्याच्याकडेच ठेवावेत.

अटी अशा. एक, फौज तोडायची नाही. दोन, मूळ बैठकीचा चुरा जरी त्याच्याकडे असला तरी तो डब्यात ठेवावा, फेकला असेल तर तसं खरं सांगावं. तीन, ढोलवाल्याच्या बैठकीला दुसऱ्या कुणी हात लावू नये. मागे पाणी रंगवायचं असेल तर त्यानेच रंगवावं, नसेल रंगवायचं तर राहू द्यावं.

आणि चिमे, नदीचं त्याला तू सांगायचं नाहीस, आणि फौज मांडून होईपर्यंत हा कागदही त्याला वाचायला द्यायचा नाहीस. फौज त्याची झाली की त्याला माझ्या बाजूला बसावं लागेल. तेव्हा त्याला आपोआप दिसेल.

कलम आठवं. कंपाउंडरने फौज घ्यायला नकार दिला तर ती मुलाकडे जाईल, आणि मुलगा काय करेल ते मला माहीत आहे. कायद्याने बांधलं तरी माणूस कपाटाचं दार उघडतोच. म्हणून त्याचा होकार मला ऑपरेशनच्या आधी हवा आहे. माझ्यामागे तो नाही म्हणाला तर ते मला दुरुस्त करता येणार नाही.

कलम नववं. माझ्या चपला कुणी घालू नयेत.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. जिथे खाडाखोड आहे तिथे शेजारी माझी छोटी सही आहे. जिथे छोटी सही नसताना खाडाखोड दिसेल ती माझी नाही, असं समजावं.

सही: पेंटर (आहे)

साक्षीदार पहिला: समोरच्या गल्लीतला किल्ल्या बनवणारा. सही आहे. याने मजकूर वाचलेला नाही, वाचायचा प्रयत्न केला होता.

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरची निवृत्त नर्स. सही आहे. हिने चष्मा आणला नव्हता असं ती म्हणाली.

दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली. तेव्हा खोलीत चौथं कुणी नव्हतं. दाराबाहेर कुणी होतं की नाही ते सांगता येत नाही.

स्थळ: माझी खोली, गॅलरीकडची. दिनांक: बुधवार, एकोणीस तारीख, सकाळी.

चिमे, कागद मिळाल्याबरोबर आधी त्याच्याकडे जा. फोनवर विचारू नकोस, फोनवर तो चांगलं बोलतो. समोर बस आणि विचार, पेंटरची फौज घेशील का? तो पुष्कळ बोलेल, मला शिव्या देईल, त्या तुला माझ्यापर्यंत आणायची गरज नाही. तोंडाकडे बघ. हो म्हणाला तर लगेच कळव. नाही म्हणाला तर त्याहून लवकर कळव, म्हणजे अजून गाडी मिळते तोवर मलाच येऊन त्याला विचारता येईल.